एरंडेल आपलं, इंजिन त्यांचं

हुबळीच्या गोकुळ रोडमागच्या एका गल्लीत पत्र्याची शेड आहे. तिथं जुनी इंजिनं उघडून पडलेली असतात. माझं तिथं काही काम नसतं, तरी महिन्यातून एखादी चक्कर होतेच. मागच्या खेपेला हल्याळकडच्या कुठल्याशा गुऱ्हाळाचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन ओट्यावर चढवलेलं होतं. मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. मामांनी क्रँकच्या पिनवर बोटानं निळा रंग लावला, पुसून टाकल्यासारखा पातळ. त्यावर बेअरिंगची अर्धी वाटी बसवली, जराशी फिरवली आणि काढून उजेडात धरली. पांढऱ्या धातूवर तीन-चार निळे ठिपके उठले होते. तेवढेच ठिपके स्क्रेपरनं अलगद खरवडले. पुन्हा निळं, पुन्हा फेरा. ठिपके पुन्हा उठले, पण जागा बदलून. मी मनगटाकडं बघितलं तसे ते म्हणाले, “घड्याळ काय बघताय ओ साहेब, निळं कुठं कुठं लागतंय ते बघा. सगळीकडं सारखं लागलं की झालं.”

त्या रंगाला कारखान्यांत प्रशियन ब्लू म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधल्या एका रंग बनवणाऱ्याच्या हातून तो चुकून तयार झाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कारखान्यांतही बेअरिंगा अशाच, खरवडून खरवडून बसवल्या जात होत्या. मामांना प्रशिया कुठं आहे हे ठाऊक नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. मला मात्र त्या निळ्या ठिपक्यांवरून फ्रँकफर्टजवळचं एक गाव आठवलं. त्या गावाच्या इंजिनाची गोष्ट आपल्याकडच्या एका जुन्या दुखण्याशी जोडलेली आहे, असं मला बरेच दिवस वाटतं आहे.

गावाचं नाव ओबरउर्सेल. १८९२ च्या सुमारास तिथं सेक नावाच्या बापलेकांनी इंजिनाचा कारखाना काढला. इंजिन साधं होतं, एका सिलिंडरचं, जमिनीवर पक्कं रोवून ठेवायचं. पिठाची गिरणी, पंप, सुताराची करवत असली कामं करणारं. आपल्याकडच्या विहिरीवरच्या इंजिनाचा लांबचा आजा म्हणा. बुटकं आणि काटक म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘ग्नोम’, म्हणजे लोककथांतला जमिनीखाली राहणारा ठेंगू यक्ष. पॅरिसजवळ लुई सेगँ नावाचा एक कारखानदार होता. त्यानं या इंजिनाचं लायसन्स घेतलं आणि तो ते फ्रान्समध्ये करून विकू लागला. कंपनीलाही त्यानं तेच नाव दिलं. पुढं त्याचा भाऊ लोराँ यानं विमानासाठी वेगळंच इंजिन आखलं. त्यात क्रँक विमानाला घट्ट बांधलेला आणि सातही सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरणारे. १९०८-०९ च्या सुमाराचं हे पन्नास अश्वशक्तीचं ग्नोम युरोपच्या आकाशात बघता बघता पसरलं. सिलिंडर स्वतःच फिरत असल्यामुळं वाऱ्यानं थंड राहायचे, पाण्याची टाकी नको की रेडिएटर नको. वजन कमी, म्हणून विमान उडे.

आता गंमत बघा. १९१३ साली ओबरउर्सेलच्या कारखान्यानं याच फ्रेंच ग्नोमचं लायसन्स घेतलं. जर्मन गिरणीतलं इंजिन फ्रान्सला नांदायला गेलं, तिथं त्याला पंख फुटले आणि ते माहेरी परत आलं. १९१५ मध्ये फोकरच्या एका पंखाच्या लढाऊ विमानावर जे बसलं ते हेच, ओबरउर्सेलचं. पहिलं सात सिलिंडरचं, ऐंशी अश्वशक्तीचं. मग यू-वन नावाचं, नऊ सिलिंडरचं आणि शंभर अश्वशक्तीचं. पंख्याच्या पात्यांमधून नेमक्या क्षणी गोळ्या सोडणारी मशिनगन याच विमानावर आली आणि काही महिने दोस्तांच्या वैमानिकांची झोप उडाली. फ्रेंचांनी घडवलेल्या इंजिनाची जर्मन आवृत्ती फ्रेंचांवरच चालून गेली, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. खरं तर ते मुळात कुणाचं, हा प्रश्न विचारण्यात अर्थ राहिलेला नव्हता.

इथं ‘नक्कल’ हा शब्द वापरायची घाई होते. ओबरउर्सेलनं नक्कल केली हे खरंच. पण ती नक्कल म्हणजे काय होती ते जवळ जाऊन बघायला हवं. ग्नोमचा एक सिलिंडर ओतीव नसे. पोलादाचा भरीव ठोकळा घ्यायचा आणि तो लेथवर आतून-बाहेरून खात खात न्यायचा. शेवटी भिंत उरायची दीड मिलिमीटर. बाहेरच्या अंगाला पातळ पंख काढलेले, आतून आरशासारखा बोअर. ठोकळ्याचं बहुतेक वजन बुरादा होऊन जमिनीवर पडायचं, सिलिंडर उरायचा तो मूठभर. दीड मिलिमीटरच्या त्या भिंतीआड स्फोट होत राहणार आणि सगळा सिलिंडर मिनिटाला हजारभर फेरे घेत फिरत राहणार. पोलाद किंचित कमअस्सल असलं किंवा हत्यार केसभर जास्त आत गेलं, तर नकाशा कितीही अचूक असो, वैमानिक परत यायचा नाही. लायसन्सच्या कागदाबरोबर हे येत नाही. ज्या कारखान्यात वीस वर्षं गिरणीची इंजिनं खरवडून बसवली गेली होती, त्याच्या हातात ते आधीपासून होतं. म्हणून नक्कल जमली.

हुबळी-धारवाडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही, कारण या गावांनी ही गोष्ट गाण्यात पाहिलेली आहे. गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जात, सवाई गंधर्वांकडं शिकायला. एकच पलटा पुन्हा पुन्हा घोटून घेण्याची गुरूंची रीत सगळ्यांना माहीत आहे. बंदिशींची पुस्तकं तेव्हाही होती. भातखंड्यांनी स्वरलिपी लावून शेकडो चिजा छापल्या होत्या. तरी गाडी पकडून कुंदगोळला जावंच लागे. स्वरलिपी म्हणजे गाण्याचा नकाशा. तो वाचून सूर कुठला हे कळतं, तो कसा लावायचा हे कळत नाही. ते समोर बसून, चुकून, पुन्हा लावून गळ्यात उतरतं. आणि ज्याचा गळा असा तयार आहे, तो दुसऱ्या घराण्याची चीज एकदा कानावर पडली तरी उचलतो. न तयार झालेल्यानं तीच चीज शंभरदा ऐकली तरी त्याच्या हाती शब्दच लागतात. नक्कल करायलाही तालीम लागते, एवढंच मला म्हणायचं आहे. पण हे ‘एवढंच’ आपण देश म्हणून फारसं मनावर घेतलेलं नाही.

इंग्रजांचं उदाहरण बघा. जुलै १९१४ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या शर्यतीत मर्सिडीझच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. महिन्याभरात महायुद्ध पेटलं, तेव्हा त्यांतली एक गाडी लंडनमध्ये मर्सिडीझच्याच दुकानात उभी होती. ती तिथून डर्बीला, रोल्स-रॉईसच्या कारखान्यात गेली. पोलादी सिलिंडर आणि त्याला पत्र्याचं पाण्याचं कवच वितळवून जोडलेलं, ही जर्मन पद्धत त्यांनी उघडून पाहिली, आणि १९१५ मध्ये त्यांचं ‘ईगल’ इंजिन चालू झालं. रॉईस मूळचा फिटर, हातानं काम करणारा. त्याला गाडी दिसली म्हणजे नुसती गाडी दिसली नाही. पुढं जर्मन विमानं हाती लागली की इंग्रज त्यांची इंजिनं सुटी करत, एकेक तुकडा तोलत, पोलाद प्रयोगशाळेत तपासत आणि सगळं छापून काढत. याच इंग्रजांची १९१४ च्या ऑगस्टमध्ये पंचाईत झाली होती ती मॅग्नेटोवरून. इंजिनात ठिणगी पाडणारी ती डबी ते जवळजवळ सगळीच स्टुटगार्टच्या बॉशकडून आणत असत. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, पण ठिणगी शत्रूकडून यायची. त्यांनी मॅग्नेटो घरी बनवायला घेतलं, पहिल्यांदा वाईट बनवलं, मग बरं बनवलं.

या सगळ्यात आपण कुठं होतो? एका टोकाला मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरणाऱ्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी ते एक. १९१८ च्या जूनअखेर डॉल्फिन जातीच्या विमानातून गस्तीवर गेले ते परतले नाहीत, जर्मनांच्या ताब्यात असताना वारले. डॉल्फिनच्या इस्पॅनो इंजिनाचीही एक रड होती. त्याचे गिअरचे दाते नीट पाणी न दिल्यामुळं तुटत. आराखडा उत्तम, काही कारखान्यांत दात्यांना पाणी देणारा हात कच्चा.

आणि दुसऱ्या टोकाला एरंड.

फिरत्या सिलिंडरच्या इंजिनाला साधं खनिज तेल चालत नसे, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळून जाई. एरंडेल विरघळत नाही आणि तापूनही चिकट राहतं. म्हणून ग्नोम आणि त्याच्या साऱ्या भावंडांना एरंडेल लागे, आणि तेही भरपूर. ते सिलिंडरमधून बाहेर पडून वैमानिकाच्या तोंडावर फवाऱ्यासारखं उडे. वैमानिकांच्या पोटांचं काय होत असे याबद्दल बरेच विनोद सांगतात. लहानपणी रविवारी सकाळी आजीनं नाक दाबून एरंडेल पाजलेलं ज्यांना आठवतं, त्यांना विनोद समजावून सांगायला नको. या एरंडेलाचं मोठं कोठार म्हणजे हिंदुस्थान. हैदराबाद संस्थान आणि मद्रास इलाख्यातल्या कोरडवाहू जमिनींवर एरंड पिके. आपल्या धारवाडकडच्या काळ्या रानातही बांधावर तो उभा असतोच, कुणी मुद्दाम लक्ष न देता. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या सरकारनंही हिंदुस्थानातून एरंडीचं बी नेऊन आपल्याकडं पेरून पाहिलं. जर्मनीची मात्र समुद्रावरून नाकेबंदी झाली होती, तिला ते मिळेना. मग तिनं कृत्रिम बदली तेल काढलं. ओबरउर्सेलची पुढची इंजिनं, जर्मन वैमानिक रिख्तहोफेनच्या प्रसिद्ध तीन पंखी विमानावरची, त्या तेलावर तापत आणि धरत. फोकरच्या शेवटच्या एकपंखी विमानालाही ते भोवलं.

म्हणजे जर्मनांकडं तालीम होती आणि तेल नव्हतं. आमच्याकडं तेल होतं आणि तालीम नव्हती. इथं कुणी म्हणेल, बघा, निसर्गानं त्यांचाही माज उतरवला, तालमीनं सगळं होत नाही. बरोबर. तालमीनं सगळं होत नाही. पण तेल नसलेल्यानं वाईट का होईना, बदली तेल बनवलं. इंजिन नसलेल्यांनी एरंडी गलबतात भरून दिली आणि भाव घेतला. युद्ध संपलं, फिरती इंजिनं मागं पडली, एरंड पुन्हा बांधावर गेला. ‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण आपण इतरांना लावतो. या बाबतीत ती आपल्यालाच लागू आहे असं मला वाटतं. कच्चा माल पिकवणारा गावचा बळी असतो, पण गाव ओसाडच राहतं.

याच महायुद्धाच्या वर्षांत, इथून फार दूर नाही अशा माणसांनी दुसरं काही केलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, तिथं कळलं की रंग नीट ओळखता येत नाहीत, म्हणून यंत्रांच्या रेखाचित्रांकडं वळले. बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. तो विलायती नांगराच्या धर्तीवरच घडवलेला होता, हे लपवायचं कारण नाही. शेतकऱ्यांनी तो सुरुवातीला घेतला नाही, लोखंडानं जमीन नासते म्हणून. पहिला नांगर विकायला दोनेक वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. युद्धात विलायती बीड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगतात. तिकडं गिरणीच्या इंजिनाला पंख आणि बंदूक लागत होती, त्याच वर्षांत इकडं तोफांचे नांगर होत होते. हा योग मला सुंदर वाटतो, पण त्यावर भाषण करण्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं आहे. त्या ओतशाळेत जे हात तयार झाले, त्यांच्या जोरावर पुढं पंप आले. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवायचा कारखाना आला, १९४६ मध्ये खडकीला डिझेल इंजिनांचा. इंजिन पुन्हा इंग्रजी नमुन्यावरचंच. नांगरातून इंजिनापर्यंत यायला चाळीसएक वर्षं लागली, मधली कुठलीच पायरी गाळता आली नाही.

आता पायऱ्या गाळायची हौस बघा. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. राईट बंधूंनी १९०३ मध्ये जे बारा अश्वशक्तीचं इंजिन वापरलं, ते ऐंशी किलोच्या आसपास होतं, म्हणजे एका अश्वशक्तीला जवळजवळ सात किलो, आणि तेवढं हलकं करतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला आला. तळपद्यांचं इंजिन कुठं ओतलं, कुणी बोअर केलं, त्याच्या बेअरिंगा कुणी बसवल्या, हे कथेत कुणी विचारतच नाही. पाऱ्याच्या भोवऱ्यानं उडालं म्हणतात. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार देतात, ते पोथीरूपानं सांगणारे सुब्बराय शास्त्री कर्नाटकातल्या आनेकलचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला, आणि त्यातली याने उडू शकत नाहीत असा निर्वाळा मिळाला. मला तळपद्यांचा राग येत नाही, हौशी आणि धडपड्या माणूस असावा. राग येतो तो कथेतल्या फुकटेपणाचा. तिच्यात विमान आहे, मंत्र आहे, जमलेली गर्दी आहे. फक्त मामा नाहीत.

ही पुराणातली वांगी म्हणून सोडून द्यावीत, तर स्वतंत्र भारताच्या पक्क्या कारखान्यांतही तीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत भेटते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला, पुढच्याच वर्षी तिथून विमान उडालं, इंजिन अमेरिकन. १९५६ मध्ये कुर्ट टांक आला. महायुद्धातलं फोकेवुल्फ १९० ज्यानं आखलं, तो हा. त्याचं ‘मारुत’ १७ जून १९६१ रोजी उडालं. देखणं विमान, आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं. पण त्याला हवं ते जोरकस ऑर्फियस इंजिन तयारच झालं नाही, ते घडवायचा खर्च उचलायला आपण राजी नव्हतो. मग इजिप्तच्या इंजिनावर आशा ठेवली, तीही फसली. मारुत आयुष्यभर अर्ध्या छातीनं उडालं. ७१ च्या लढाईत त्यानं वाळवंटात चांगलं काम केलं, त्याचं श्रेय वैमानिकांना. टांकसारखा माणूस आणता येतो, पण ज्या देशात तो विमान आखताना इंजिन गृहीत धरू शकत होता, तो देश त्याच्या पेटीत मावत नाही. पुढं ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये तेजस उडालं ते अमेरिकन इंजिनावर, आणि २००८ मध्ये कावेरीला तेजसपासून अधिकृतपणे वेगळं करण्यात आलं. आजच्या जेट इंजिनाचं पातं एका सलग स्फटिकात ओतावं लागतं. ग्नोमच्या दीड मिलिमीटर भिंतीचं हे आजचं रूप. ते कसं ओततात हे कुणी कुणाला सांगत नाही, आणि सांगितलं तरी वीस वर्षं भट्टीपाशी उभं राहिल्याशिवाय हाती लागत नाही.

माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे, ती मी लपवत नाही. तालीम, घराणं हे शब्द आपल्याकडं निर्मळ नाहीत. घराण्याच्या नावाखाली विद्या दाबून ठेवल्या गेल्या, चिजा शिष्यांपासून लपवल्या गेल्या. आणि हातांची विद्या तर जातीत कोंडली गेली. लोहाराचा मुलगा लोहार, आणि पुस्तक वाचणाऱ्याच्या हाताला काजळी लागली की घरात बोलणी. जो यंत्र आखतो त्याला स्क्रेपर धरता येत नाही, जो धरतो त्याला कुणी नकाशा दाखवत नाही. गंगूबाईंनाही गाण्यापलीकडं बरंच सोसावं लागलं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा ‘परंपरा जपा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. उलट ओबरउर्सेलकडं बघितलं तर दिसतं की त्यांची तालीम उघडी होती. गिरणीचं इंजिन शेजाऱ्याला दिलं, शेजाऱ्याचं विमानाचं इंजिन घेतलं. बीएमडब्ल्यूचंही तेच. त्यांचं महायुद्धाच्या अखेरचं सहा सिलिंडरचं इंजिन फार नावाजलं गेलं. व्हर्सायच्या तहानं विमानं बंद झाली तेव्हा त्या कारखान्यानं रेल्वेचे ब्रेक केले, मोटरसायकल केली. पुढं त्याच वंशातलं बारा सिलिंडरचं इंजिन रशियानं आणि जपानच्या कावासाकीनं लायसन्सवर घेतलं, आणि रशियनांनी त्यातून शिकून स्वतःची इंजिनं आखली. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडं आधी कारखाने होते, हे पुन्हा आलंच.

आपल्याकडं कारखाने नव्हते असंही नाही. हुबळीत १८८०च्या दशकापासून रेल्वेचा वर्कशॉप आहे. आजही मोठमोठ्या डिझेल लोकोंची इंजिनं इथल्या शेडमध्ये उघडली जातात. तीन-तीन पिढ्या तिथं गेलेली घरं या गावात आहेत, मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी. पण त्या हातांना दुरुस्ती मिळाली, आखणी मिळाली नाही. दुरुस्तीत माणूस दुसऱ्याच्या इंजिनाला त्याच्या बापापेक्षा जास्त ओळखू लागतो, आणि तरी त्याला कुणी विचारत नाही की तू असतास तर हे कसं केलं असतंस. हरिहरचा लेथचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. त्याचे लेथ मात्र हुबळीच्या गल्ल्यागल्ल्यांत अजून फिरताहेत. मामांच्या शेडमधलाही त्यातलाच एक, बेडवरची अक्षरं हात लागून लागून पुसट झालेला.

मी मामांना एकदा विचारलं होतं, तुमच्यामागं कोण. मुलगा बंगळूरला असतो, कॉम्प्युटरवर. मशिनचे नकाशेच काढतो म्हणे, कुठल्याशा जर्मन कंपनीसाठी. दिवाळीला आला होता तेव्हा शेडमध्ये येऊन बसला, निळा रंग बोटाला लावून बघितला, मग शर्टाला लागेल म्हणून पुसला.

त्या दिवशी गुऱ्हाळाच्या इंजिनाची वाटी सातव्या खेपेला काढली तेव्हा निळं बऱ्यापैकी पसरलं होतं. मला वाटलं झालं. मामांनी ती खिडकीकडं धरली, तिरकी केली, कडेला अंगठा फिरवला. “इकडच्या अंगाला अजून लागत नाही,” म्हणाले, आणि स्क्रेपर घेतला.